दहा हजार मीटर हरल्यावर घ्यायची काळजी

रेस हरणं कोणालाही जमतं हो, त्यात काय. खरी पंचाईत होते ती ट्रॅकवरून पार्किंगपर्यंत जाताना, कारण वाटेत भेटणारा प्रत्येक जण "काय झालं?" विचारतो आणि आपण तयारी केलेली नसते. म्हणून ज्यांची चॅम्पियनशिप जवळ आली असेल त्यांनी इंटरव्हलचा सराव (जोरात-हळू, जोरात-हळू पळणं) वगैरे नंतर करा, आधी कारणं तयार करून ठेवा. मी ठेवली नव्हती, आणि 10,000 मीटरला 36:03 घेऊन घरी आलो. प्लॅन होता 33:20 चा, म्हणजे लॅपला, 400 मीटरच्या एका फेरीला, 80 सेकंद, पंचवीस वेळा. हिशोब इतका सोपा की कोच सरांनी माझ्या तळहातावर पेनानं फक्त 80 लिहून दिलं होतं.

तर सुरुवात अशी करा, पहिला लॅप 72 मध्ये मारा. 72 म्हणजे बरोबर 30 मिनिटांचा वेग, जो मला जन्मात कधी झेपलेला नाही, पण गन वाजली की पाय असे हलके लागतात आणि वाटतं की एवढे महिने पहाटे पाचला नागपूरच्या सेमिनरी हिल्सचा चढ काय उगाच चढलो का, त्यात वरून कोणीतरी "चाल बे, चाल!" ओरडतं आणि ते आपल्यालाच आहे असं प्रत्येकाला वाटतं. गुलवीर सिंगनं 2025 मध्ये 27:00.22 चा राष्ट्रीय विक्रम केला तेव्हा त्याची सरासरी लॅपला 65 सेकंदांच्याही आत होती. पंचवीस लॅपची सरासरी. माझा 72 एकदाच निघाला, पण निघाला ना.

आठव्या लॅपला तळहात बघितला तर घामानं 80 मधला 8 पुसला गेला होता. नुसतं 0 उरलं होतं.

आता कारणांकडे वळू. नागपूरकराला जन्मतःच एक कारण फुकट मिळतं, ऊन. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की कोणी काही विचारतच नाही. माझं नशीब खोटं, रेस नोव्हेंबरात, सकाळी 7 ला, लॅप मोजणारे सर स्वेटर घालून बसलेले. मग उंची काढा. म्हणायचं, उटी 2,200 मीटरवर आहे, तिथली पोरं विरळ हवेत ट्रेनिंग करतात, आपलं नागपूर जेमतेम 310 मीटर, अंबाझरी तलावाच्या पाळीवर पळून काय होणार. ऐकणारा मान डोलावतो. फक्त जिंकलेला पोट्टा आपल्याच शहरातला आहे आणि त्याच पाळीवर रोज आपल्या पुढे असतो हे मध्ये येऊ देऊ नका.

थोडं गणित येत असेल तर लेनचं कारण फार भारी. लेनची रुंदी 1.22 मीटर, त्यामुळे दुसऱ्या लेनमधून पळालं की दर लॅपला साडेसात मीटरच्या आसपास जास्त पडतं. मी दहाएक लॅप लोकांच्या बाहेरून पळालो, म्हणजे 75 मीटर झाले, म्हणजे सोळा सेकंद. उरलेल्या अडीच मिनिटांबद्दल कोणी विचारायच्या आत विषय बदला. घड्याळ दाखवलं तरी चालतं, जीपीएस ट्रॅकवर असंही काहीतरी भलतंच अंतर दाखवतं. आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना "आई गं" निघालं की लॅक्टिक ॲसिड साचलंय म्हणायचं. खरं तर ते तासा-दोन तासांत रक्तातून निघून जातं, दुखतात ते आतून सोलवटलेले स्नायू, पण लॅक्टिक ॲसिड म्हटलं की कसं, ऐकणाऱ्याला आपण ॲथलीट वाटतो.

तर्री पोह्यांवर मात्र ढकलू नका. मी ट्राय केलं, कोच सर म्हणाले, "रेसच्या सकाळी तर्री काऊन खाल्ली बे?" आणि मूळ प्रश्न राहिला बाजूला.

घंटेबद्दल सांगायचं नव्हतं, पण आता एवढं लिहिलंच आहे तर. शेवटच्या लॅपला घंटा वाजते, ती पहिल्या नंबरवाल्यासाठी. हे मला माहीत आहे, आठ वर्षं पळतोय. पण मला त्यानं तोवर दोनदा लॅप केलं होतं, म्हणजे तो दोन अख्ख्या फेऱ्यांनी पुढे होता, आणि डोक्यात मोजणी कधीच तुटली होती, त्यामुळे लाईनच्या समोरच्या बाजूला असताना टणटण ऐकू आली आणि मी सुटलो. हात, गुडघे, दात, सगळं पणाला लावून. दोन जणांना मागे टाकलं. लाईनवर पोचलो तर स्वेटरवाले सर उभे, तीन बोटं वर केलेली, "अरे तीन बाकी! तीन!"

त्या तीन लॅपचं वर्णन करत नाही. प्रत्येकी दीड मिनिटाच्या वर गेला.

पण नेमका तोच फोटो माझ्या भावानं काढला. मी दात विचकून लाईनवर येतोय, मागे एक साहेब मोठ्या उत्साहात तीन बोटं दाखवतायत. त्यानं तो स्टेटसला टाकला, खाली काहीच न लिहिता. संध्याकाळी आजीचा फोन आला, "तिसरा आला म्हणे माह्या पोट्टा!" मागून आत्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, हव आजी.

आता समोरच्या काकू पण विचारून गेल्यात. अर्धा किलो संत्रा बर्फी आणून ठेवलीय.