पाटीवरची इंग्रजी कुणाची?

बेळगावात पाटीवरून वाद पेटायला वेळ लागत नाही. कन्नड अक्षरांनी किती जागा व्यापली आणि मराठी कुठल्या कोपऱ्यात गेली, हे इथला माणूस पट्टी न लावता सांगतो. 2024 च्या कायद्यानं कन्नडला साठ टक्के जागा पक्की केली. उरलेल्या चाळिसात मराठी आणि इंग्रजी दाटीवाटीनं उभ्या. त्यातल्या इंग्रजीकडे मात्र दोन्ही पक्ष ढुंकूनही बघत नाहीत. तिचं स्पेलिंग चुकलं म्हणून मोर्चा निघाल्याचं ऐकिवात नाही.

म्हणून वह्या-पेनांच्या दुकानावर 'स्टेशनरी'च्या शेवटी 'ई आर वाय'ऐवजी 'ए आर वाय' येतं, आणि दुकान 'स्थिर' होतं. तसं ते खोटंही नाही, खडेबाजारातलं दुकान हलणार कुठं? दोन्ही शब्दांचं मूळही एकच. फिरत्या विक्रेत्यापेक्षा वेगळा, एका जागी ठाण मांडून पुस्तकं विकणारा तो 'स्टेशनर'. एन्व्हलपचा 'ई' लक्षात ठेवला की वह्यांचं दुकान चुकत नाही.

'प्रिन्सिपल' देवनागरीत एकच दिसतं, खरी मेख तिथंच आहे. शेवटी 'पी ए एल' असेल तर कॉलेजचे प्राचार्य, नाहीतर सोसायटीच्या कर्जाचं मुद्दल. 'पी एल ई' असेल तर तत्त्व. कर्जाच्या अर्जात हे उलटलं की तत्त्वावर बारा टक्के व्याज लागतं. एवढा भाव तत्त्वाला सीमाभागात तरी कुणी देत नाही.

जिमच्या फ्लेक्सवर 'वेट लूज' वाचलं की मी थबकतोच. इथं दोष कानाचा. सैल म्हणजे 'लूस', त्यात दोन 'ओ'. गमावणे म्हणजे 'लूझ', त्यात एकच. आपण पँटलाही 'लूज' म्हणतो आणि जुलाबालाही 'लूज मोशन'. म्हणजे अर्थ सैलाचा, उच्चार गमावण्याचा. मग लिहिताना दुसरा 'ओ' घुसणारच. फ्लेक्सप्रमाणे फी भरून वजन नुसतं सैल होतं. बऱ्याच सभासदांचं होतंही तेच.

कान कामाला येतो तो 'ॲडव्हाइस'मध्ये. सल्ला असेल तर 'स' ऐकू येतो, तिथं 'सी'. सल्ला देणं असेल तर 'झ', तिथं 'एस'. 'प्रॅक्टिस' आणि 'लायसन्स'चा उच्चार बदलत नाही, पण हिशेब हाच: नामाला 'सी', क्रियापदाला 'एस'. ही झाली ब्रिटिश रीत. अमेरिकेत प्रॅक्टिस दोन्हीकडे 'सी'नं आणि लायसन्स दोन्हीकडे 'एस'नं. बंगळुरूच्या कंपनीत लागलेली पोरं गणपतीला गावी आली की आरटीओच्या कार्डात चूक काढतात, ती यामुळं.

लॉजच्या कार्डावर 'कॉम्प्लिमेंटरी कुंदा' दिसला, तर 'एल'नंतरचं अक्षर बघून मगच चमचा घालावा. 'आय' असेल तर फुकट. 'ई' असेल तर कुंदा जेवणाला नुसता पूरक, पैसे वेगळे. मालकाला तो फरक ठाऊक असेलच असं नाही, तेव्हा तोंडीच विचारलेलं बरं: "कुंद्याचं बिल लागतंय की काय ओ?"