घटस्फोटाचं बजेट कसं आखावं?

घटस्फोट घ्यायचं नक्की झालंय ना? मग खर्चाचा अंदाज काढू. एक आकडा कागदावर लिहा आणि कागद फाडून टाका.

कोर्ट फीला मुळीच घाबरू नका. ती किरकोळ असते, आणि अर्जदार बाई असेल तर महाराष्ट्रात तीही माफ. सरकारदरबारी घटस्फोट जवळपास फुकटच. फुकटची वस्तू घ्यायला वकील लागतो, एवढंच.

परस्परसंमतीने घेतलात तर स्वस्त पडतो. वर्षभर वेगळं राहा, अर्ज करा, मग 6 महिने थांबा. हे 6 महिने योग्य प्रकरणात कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच सांगितलंय. अर्थात त्या माफीच्या अर्जाचं ड्राफ्टिंग वेगळं. (आमच्याकडे संमतीवरच एकमत झालं नाही.)

वकील मामांच्या ओळखीतलाच करा. म्हणजे घासाघीसही करता येत नाही आणि बदलताही येत नाही.

फी लेखी मागू नका, त्यांना वाईट वाटतं. "पैशाचं काय ताई, बघू नंतर," असं ऐकलं की निर्धास्तपणे वकालतनाम्यावर सही ठोका. मग एकेक बाहेर येतं. नोटरी वेगळी, टायपिंग-झेरॉक्स वेगळं. पोटगीच्या प्रकरणात 2020 पासून दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्याचे वेगळे. बँकेची स्टेटमेंटं तुम्हीच गोळा केलेली असतात, पण टाचायला मेहनत पडते ना. आणि तारखेचे तर वेगळेच. परवा हाफ डे टाकून अकराला कोर्टात हजर. पुकारा झाला दीडला. समोरचे वकील दुसऱ्या कोर्टात, त्यांच्या ज्युनियरने मुदतीचा, म्हणजे पुढची तारीख मागायचा, अर्ज पुढे केला आणि आमच्या साहेबांनी त्यावर 'हरकत नाही' लिहून दिलं. मला न विचारता! संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड. खाली 'अपिअरन्स 5000' आणि हात जोडलेले. कसला अपिअरन्स हो? विचारलं तर म्हणे, "मॅडम, आमचा वेळ गेला ना." आणि माझा? माझा कापलेला पगार? पाळणाघराचे जादा तासांचे पैसे कोण देणार, समोरची पार्टी?

पावती मागू नका. संबंध बिघडतात.

पोटगीत टक्का मागितला तर आनंदाने द्या. निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, पण नियम वाचायला वेळ कुणाला?

जाऊ दे, नाही जमत हे उपरोधिक वगैरे. बायांनो, जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. 1987 च्या कायद्याने स्त्रीला मोफत वकील मागता येतो, तिचं उत्पन्न कितीही असो. हे मला एकाही वकिलाने सांगितलं नाही. का सांगतील? आणि साहेब, पहिल्याच भेटीत एका कागदावर लिहून द्यायला काय होतं तुम्हाला? ड्राफ्टिंगचे इतके, सुनावणी झाली तर इतके, मुदत पडली तर शून्य. मुदतीला संमती तुम्ही द्यायची आणि पैसे आम्ही मोजायचे? रडवेल्या माणसाला आकडा विचारायचं सुचत नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं, आणि त्यावरच तुम्ही दुकान चालवता. लाज वाटायला पाहिजे.