सेलपेक्षा मस्जिद बंदर बरं

दिवाळीचा सगळा किराणा मॉलच्या सेलमध्येच भरावा, असं एका लेखात वाचलं, ते काही पटलं नाही. 'एकावर एक फ्री'चा हिशेब एमआरपीवर असतो, आणि एमआरपीला एरवी तरी कोण घेतं? पाकिटावर ग्रॅममागे किती पडतात ते आता छापावं लागतं (बारीक अक्षरांत का होईना), ते ताडून बघा. मुंबईत काजू, बदाम, वेलची मस्जिद बंदरच्या घाऊक बाजारात घ्यावी, पणत्या धारावीच्या कुंभारवाड्यात, दिव्यांच्या माळा लोहार चाळीत. मात्र पाव किलो काजूसाठी लोकलची धक्काबुक्की परवडत नाही. मजल्यावरच्या दोन-तीन घरांनी मिळून आणावं. रविवारी जाऊ नका, घाऊकवाले बरेचसे बंद असतात. रवा-मैदा मात्र आमच्या वाण्याकडूनच. किडा निघाला तर बिनतक्रार बदलून देतो.