रेघ सरकवली, हे खरंच

नमस्कार,

प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा चिडलो, दुसऱ्यांदा वही काढली. तुमचं म्हणणं असं: ट्रेंडलाइन (चार्टवर भावाचे तळ किंवा माथे जोडणारी रेघ) म्हणजे कुंडली, भाव वळून झाला की माझ्यासारखे पट्टी घेऊन बसतात, डॉलर-रुपयावरच्या लेखातली चढती रेघ मी पुढच्या लेखात हळूच खाली घेतली, आणि मांडवी नदीतल्या कॅसिनोत नि माझ्यात फरक काय?

रेघ खाली घेतली होती. ती आधी दिवसाच्या क्लोजिंगवरून, म्हणजे शेवटच्या भावावरून, ओढली होती. भाव तिच्याखाली बंद झाल्यावर मी ती कॅन्डलच्या खालच्या टोकांना, म्हणजे दिवसातल्या सर्वांत खालच्या भावांना, टेकवली, आणि तसं लिहिलं नाही. ही लबाडीच.

पण खरा घोळ वेगळाच, आणि तो तुमच्याही नजरेतून सुटला. मी चार्ट घेतला होता फ्युचर्सचा (पुढच्या तारखेला डॉलर घेण्या-विकण्याचे आज ठरवलेले सौदे), महिन्याला महिना जोडलेला. आपल्याकडचे व्याजदर अमेरिकेपेक्षा चढे, म्हणून फ्युचरचा भाव साधारणपणे स्पॉटच्या, म्हणजे आजच्या रोखीच्या दराच्या, वर असतो. हा वरचा फरक, म्हणजे प्रीमियम, महिनाभर झिजत जातो नि एक्स्पायरीला, सौद्याची मुदत संपते तेव्हा, संपतो. मग पुढचा महिना जोडला की चार्ट टुणकन वर. वर्षाला २ टक्के प्रीमियम धरा: ८३ च्या दराला महिन्याचे साधारण १४ पैसे, म्हणजे १००० डॉलरच्या लॉटमागे (एका सौद्याचं ठरलेलं माप) १४० रुपये. स्पॉट जागचा हलला नाही तरी चार्टवर महिनाअखेरीला तळ दिसतो आणि त्यावरून उसळी दिसते! 'भाव तिसऱ्यांदा रेघेवर टेकून उचलला' असं मी ऐटीत लिहिलं होतं ना, ते टेकणं म्हणजे निव्वळ प्रीमियम संपणं होतं. स्पॉटच्या चार्टवर तिथे काहीच नाही.

कुंडलीचं मात्र मान्य नाही. दोन बिंदूंतून रेघ कुणालाही काढता येते, ती अजून काहीच सांगत नाही. भाव तिसऱ्यांदा येईल तेव्हा काय होतं ते बघायचं, आणि तोवर तारीख घालून ती वहीत असायला हवी. माझ्या लेखी तिचा उपयोग एकच: 'याखाली बंद झाला तर माझं चुकलं' हे आधी ठरवणं. ती सरकवली की तोही उपयोग गेला, हे तुम्ही बरोबर पकडलंत.

शिवाय मध्यवर्ती बँक मध्ये उभी असेल तिथे रेघेला फारसं कोण विचारतं? स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने ६ सप्टेंबर २०११ ला युरोला १.२० फ्रँकचा तळ बांधून दिला, त्याखाली युरो जाऊ द्यायचा नाही म्हणून. तीन वर्षांहून जास्त काळ तो टिकला, चार्टवर याहून सुबक आधार नसेल. १५ जानेवारी २०१५ ला बँकेने तो सोडला आणि कित्येकांचे स्टॉपलॉस (भाव ठरलेल्या पातळीखाली गेला की आपोआप विकण्याची ऑर्डर) कितीतरी खाली जाऊन भरले. रुपयातही रिझर्व्ह बँक डॉलर घेत-विकत असते, हे त्या लेखात यायला हवं होतं.

कॅसिनोचं म्हणाल तर तिथे निदान जेवण मिळतं. चेष्टा सोडा. मे २०२४ पासून एक्स्चेंजवर रुपयाचा सौदा करायचा तर मागे परकी चलनाची खरी देणी-घेणी हवीत, नुसती हौस चालत नाही. परदेशी अ‍ॅपवर फॉरेक्स खेळणाऱ्या पोरांसाठी मी लिहीत नाही. रिझर्व्ह बँकेने अनधिकृत अ‍ॅपची यादीच काढली आहे, ती त्यांनी वाचावी. मी चार्ट बघतो तो धाकट्या भावासाठी. तो जहाजावर असतो, पगार डॉलरमध्ये, घरी कधी किती पाठवायचे एवढाच त्याचा प्रश्न. आमच्या म्हापशात काय नि तुमच्या फोंड्यात काय, असं घर दर वाड्यावर सापडेल.

जुनी रेघ लेखात परत घातली आहे, लाल रंगात. सरकवलेलीही पुसलेली नाही, आणि खाली स्पॉटचा चार्ट जोडला आहे. भावालाही हे सगळं कळवलं. त्याने सगळं ऐकून विचारलं, "मग पाठवू की थांबू?" निम्मे पाठव म्हटलं.