सभेला बसायचं मानधन

शिकागोत २०१५ साली सुरू झालेली ‘सिटी ब्युरो’ ही ना-नफा पत्रकार संस्था साध्या रहिवाशांना थोडं शिकवून सरकारी बैठकांना पाठवते. शाळा मंडळ, उद्यान विभाग, नगर परिषदेच्या समित्या. बसायचं आणि काय ठरलं, कोण काय बोललं ते लिहून काढायचं. त्याचे तासावर पैसे मिळतात आणि टिपणं सगळ्यांना वाचायला खुली असतात.

हे ऐकून इथे अमेरिकेतला एक मराठी मित्र म्हणाला, “पैसे घेऊन कसली समाजसेवा?” मला नेमकं तेच पटतं. फुकट बसायला वेळ असतो निवृत्तांना, घरमालकांना आणि पक्षाच्या कार्यकर्त्यांना. मानधन असेल तर भाड्याच्या घरातली आई जाऊ शकते, कॉलेजातला पोरगाही. आणि प्रत्येकाला खटकणारी गोष्ट वेगळी असते. डेव्हन अव्हेन्यूसारख्या रस्त्यावर, जिथे भारतीय, पाकिस्तानी, ज्यू, असीरियन दुकानं शेजारी शेजारी आहेत, तिथलं कामकाज एकट्या बातमीदाराला कसं कळणार?

आपल्याकडे तालुक्याच्या वार्ताहराला बहुधा पगारच नसतो. जाहिरातींच्या कमिशनवर भागवायचं. ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात आणली, त्याच्याच रस्त्याच्या ठेक्यावर त्याने लिहायचं म्हणे!

२०२५ मध्ये पहिलीपासूनच्या हिंदीवरून आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटला होता. मीही त्यात होतो, आणि सरकारला जूनअखेर शासन निर्णय मागे घ्यावे लागले याचा आनंदच झाला. पण मार्च २०२२ पासून मुंबई-पुण्याच्या महापालिका प्रशासकांच्या हाती होत्या. निवडून आलेला एकही नगरसेवक नसताना अर्थसंकल्प मंजूर होत गेले, त्यावर ग्रुपवर साधा अंगठाही उमटला नाही. निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. गावाला निदान ग्रामसभा आहे. शहरांसाठी २००९ च्या कायद्यात आलेल्या क्षेत्र सभा, म्हणजे वस्तीतल्या मतदारांच्या सभा, कागदावरच राहिल्या.

शिकागोचंही फार कौतुक नको. तिथला गाडा बराचसा देणग्यांवर चालतो आणि पुष्कळशी टिपणं रटाळ असतात. तरी पुण्याच्या प्रभाग समितीत काय झालं याची रटाळ नोंद मला वाचायला आवडेल. आम्हा अमेरिकी पासपोर्टवाल्यांचे डॉलर मात्र त्या कामी धरू नका. वृत्तपत्रं आणि बातमीदारांना परकीय निधी घ्यायला एफसीआरए हा परदेशी देणग्यांविषयीचा भारतीय कायदा बंदी घालतो. एवढ्या सोसायट्या गणपतीची वर्गणी काढतात, त्यांनी आणखी पन्नास रुपये काढले तर दोन पोरांचं मानधन सुटेल.