मनगटाचा पट्टा आणि रात्रीची झोप

मनगट दुखू लागले की तयार पट्टा आणायचा, तो करकचून आवळायचा आणि कामाला लागायचे, हे मीही 3 आठवडे केले. पहाटे अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होऊन जाग येई, हात झटकला की मुंग्या ओसरत. पट्टा मात्र तेव्हा उशाशी काढून ठेवलेला असे.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितले की मला त्याची खरी गरज रात्रीच होती. माझा त्रास कार्पल टनेलचा होता. मनगटातल्या या अरुंद बोगद्यातून बोटे वाकवणाऱ्या 9 कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर) आणि मीडियन नावाची नस, म्हणजे मज्जातंतू, जाते; झोपेत आपण नकळत मनगट दुमडतो, बोगद्यातला दाब वाढतो आणि नस चेपली जाते. त्यांनी पट्ट्यातली धातूची पट्टी बाहेर काढून टेबलावर ठेवली, तर तिची दोन्ही टोके उचललेली होती, म्हणजे पट्टा माझे मनगट मागे वाकवूनच धरत होता. ती त्यांनी हातानेच जवळजवळ सपाट केली, परत बसवली आणि 6 आठवडे रोज रात्री वापरायला सांगितले. चौथ्या आठवड्यापासून मी सलग झोपू लागलो.

म्हणूनच केवळ मनगटाचा घेर मोजून पट्टा घेणे मला धोक्याचे वाटते. मुंग्या करंगळीत येत असतील तर दाबली जाणारी नस वेगळी असते आणि दोष अनेकदा कोपरापाशी असतो. तान्ह्या बाळाला सतत उचलून अंगठ्याच्या बाजूचे मनगट दुखू लागलेल्या आईला अंगठाही स्थिर धरणारा पट्टा लागतो; साध्या पट्ट्यात अंगठा मोकळाच राहतो आणि दुखरी कंडरा घासत राहते.

पट्टा घातल्यावर बोटांची पूर्ण मूठ वळली पाहिजे आणि बोटे गार किंवा निळसर पडता कामा नयेत. बरे वाटते म्हणून तो महिनोन्महिने दिवसभर घातला, तर सांधा आखडतो आणि स्नायू अशक्त होतात.

सर्वांत जास्त काळजी मला हातावर पडलेल्यांची वाटते. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावरच्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर स्कॅफॉइड हाड मोडलेले असू शकते, आणि ती चीर पहिल्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसतच नाही. या हाडाचा रक्तपुरवठा तोकडा असल्याने ते दुर्लक्षामुळे न जुळता राहू शकते. त्यामुळे पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी, दुखणे टिकून असल्यास, 10 ते 14 दिवसांनी डॉक्टरांकडे पुन्हा जाऊन हात दाखवावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.