वरातीमागून घोडे म्हणण्यापूर्वी

आज दुपारी एका जुन्या सहकारी मैत्रिणीचा फोन आला आणि तेव्हापासून माझे मन थाऱ्यावर नाही. दिव्यांग मुलांना सहज घालता-काढता येतील अशा कपड्यांचे बेतण्याचे साचे ती गेली दोन वर्षे तयार करते आहे. हात वर उचलता न येणाऱ्या मुलासाठी खांद्यावर उघडणारा सदरा, चाकाच्या खुर्चीत दिवसभर बसणाऱ्या मुलीसाठी मागे शिवण न टोचणारी विजार, असे हे काम आहे. हे साचे ती फाइलच्या स्वरूपात इंटरनेटवरून विकणार होती. वेबसाइटचे नाव घेऊन झाले होते, पहिले सहा साचे तपासून तयार होते. आज ती म्हणाली, "ताई, मी सगळं रद्द केलंय." घरातल्या एका जाणत्या माणसाने तिला सांगितले होते की हे म्हणजे वरातीमागून घोडे; करायचेच होते तर दहा वर्षांपूर्वी करायला हवे होते, आता असे साचे विकणाऱ्यांचा सुकाळ झाला आहे.

दोन वर्षांच्या मेहनतीवर एका वाक्याने पाणी पडले. ज्याने हे वाक्य उच्चारले त्याने आयुष्यात एकही साचा कापलेला नाही आणि एकही वस्तू इंटरनेटवर विकलेली नाही. मला याचा अतिशय राग आला आहे.

राग येण्याचे कारण असे की नेमके हेच वाक्य मीही ऐकले आहे. जुन्या शिलाई मशीनचे सुटे भाग ऑनलाइन विकायला मी सुरुवात केली तेव्हा माझे वय ४७ होते आणि तेच भाग विकणारी दुकाने इंटरनेटवर कित्येक वर्षांपासून पाय रोवून बसली होती. त्यांच्याकडे हजारो अभिप्राय होते, माझ्याकडे एकही नव्हता. तरीही मी सुरू केले, आणि ते टिकले याचे श्रेय मी माझ्या उशिरालाच देते. विक्री सुरू करण्याआधी चार महिने मी रोज रात्री तासभर त्या दुकानांवरचे अभिप्राय वाचले, तेही फक्त एक आणि दोन ताऱ्यांचे. पाच तारे देणारा माणूस "छान" एवढेच लिहून निघून जातो. एक तारा देणारा मात्र काय बिघडले, केव्हा बिघडले आणि दुकानदाराने त्यावर काय उत्तर दिले, हे सगळे सविस्तर लिहितो. मी एक दोनशे पानी वही घेतली आणि प्रत्येक तक्रार तिच्यात उतरवली.

त्या वहीत सर्वांत जास्त वेळा आलेले वाक्य होते, "बसत नाही". बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रिळ (बॉबिन) जिच्यात बसते ती डबी, मागवली, मशीनचे नाव जुळते, चित्र जुळते, आणि तरीही ती बसत नाही. दुकानदाराचे उत्तर ठरलेले असे की भाग बरोबर आहे, तुम्हीच नीट बसवत नसाल. खरे कारण अगदी बारीक होते. बॉबिन केसला बाहेर आलेले एक छोटे बोट असते आणि ते मशीनमधल्या खाचेत अडकावे लागते. काही केसमध्ये हे बोट घड्याळातल्या ११ च्या दिशेला असते, तर काहींमध्ये १ च्या दिशेला. दोन्ही केस वेगवेगळ्या पाहिल्या तर फरक लक्षातही येत नाही. वर्षानुवर्षे विक्री करणाऱ्या दुकानांनी दोन्हींसाठी एकच छायाचित्र लावले होते. मी एका पांढऱ्या कागदावर घड्याळाची तबकडी काढली, तिच्यावर केस ठेवली, वरून सरळ छायाचित्र घेतले आणि खाली लिहिले, "तुमच्या केसचे बोट कितीवर आहे ते आधी पाहा." बॉबिनचेही तेच. १५ क्लास आणि ६६ क्लास हे बॉबिनचे दोन प्रकार; दोन्हींची बॉबिन व्यासाने जवळजवळ सारखीच दिसते, पण एकीच्या बाजू सपाट असतात आणि दुसरीच्या किंचित फुगीर. म्हणून मी दोन्ही बॉबिन टेबलावर आडव्या ठेवून, डोळ्यांच्या रेषेतून छायाचित्र काढले, कारण वरून काढलेल्या छायाचित्रात तो फुगवटा दिसतच नाही. पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडे ४१ ऑर्डर आल्या आणि त्यांपैकी दोनच परत आल्या. मी सर्वांच्या आधी सुरू केले असते तर मीही एकच छायाचित्र लावले असते, कारण लोक कुठे अडकतात हे तोपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो खरे, पण मागच्याला ते शहाणपण आपोआप येत नाही. त्याला थांबून, वाकून तो दगड पाहावा लागतो. ती वही म्हणजे माझे वाकून पाहणे होते.

मोठ्या धंद्यांचे म्हणाल तर ज्या फेसबुकवर मी हे लिहिते आहे आणि तुम्ही वाचता आहात, ते तरी कुठे पहिले होते? सिक्सडिग्रीज १९९७ मध्ये आले, फ्रेंडस्टर २००२ मध्ये, मायस्पेस २००३ मध्ये आणि फेसबुक फेब्रुवारी २००४ मध्ये. लोकांची गर्दी वाढली की फ्रेंडस्टरची पाने उघडायला इतका वेळ लागे की माणसे कंटाळून निघून जात, आणि गर्दी सांभाळता आली नाही तर काय होते हे मागून येणाऱ्यांना फुकट पाहायला मिळाले. गूगल १९९८ मध्ये आले तेव्हा याहूला चार आणि अल्टाव्हिस्टाला तीन वर्षे झाली होती. त्या वेळीही कोणीतरी जाणता माणूस म्हणालाच असेल की शोधयंत्रे आता पुरेशी झाली. उलट, वेळेच्या फार आधी धावलेल्यांचे काय झाले तेही पाहा. घरपोच किराणा देणाऱ्या वेबव्हॅनने ग्राहक पुरेसे जमण्यापूर्वीच स्वयंचलित गोदामे उभारण्यासाठी एक अब्ज डॉलरचा करार केला, १९९९ मध्ये घरोघरी माल पोहोचवायला सुरुवात केली आणि जुलै २००१ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. आज त्याच पद्धतीने किराणा मागवणारी माणसे जगभर आहेत. कपडे विकणाऱ्या बू डॉट कॉमने नोव्हेंबर १९९९ मध्ये चित्रांनी भरलेली जड वेबसाइट उघडली, आणि बहुतेकांच्या घरी तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून रांगत येणारे इंटरनेट होते. मे २००० मध्ये ती कंपनी बंद पडली. वेबव्हॅन काय किंवा बू काय, त्यांची कल्पना चुकीची नव्हती, वेळ चुकीची होती, आणि ती वेळ उशिराची नव्हती.

पण मला खरे बोलायचे आहे ते एका माणसाबद्दल, आणि इथे माझा राग जरा निवळतो. माझे एक ज्येष्ठ स्नेही २००१ मध्ये इंटरनेटवर यंत्रांचे सुटे भाग विकत होते. त्या काळात तयार दुकान आजच्यासारखे सहज मिळत नसे. प्रत्येक पान एका प्रोग्रामरकडून लिहून घ्यावे लागे आणि एक किंमत बदलायची तरी त्यालाच गाठावे लागे. कार्डाचा क्रमांक संगणकावर टाकायला लोक घाबरत, म्हणून ग्राहक ईमेलवर ऑर्डर देत, धनादेश पोस्टाने पाठवत आणि तो वटेपर्यंत माल बांधून ठेवावा लागे. दिवसातले दोन-तीन तास फोनवर लोकांची समजूत घालण्यात जात की आम्ही खरोखरचे दुकान आहोत, माल नक्की पाठवू. त्यांनी हे कित्येक वर्षे केले. पुढे लोक मोबाइलवरून खरेदी करू लागले, रुंद पडद्यासाठी लिहिलेली ती वेबसाइट मोबाइलवर वाचताही येईना, सगळे नव्याने बांधायला हाताशी पैसा उरला नव्हता, आणि त्यांनी दुकान मिटले.

मी सुरू केले तेव्हा यातले मला काहीच करावे लागले नाही. वेबसाइट तीन संध्याकाळी उभी राहिली. पैसे घेण्याची सोय अर्ज करून मिळाली. "तुम्ही खरे आहात ना?" असे एकाही ग्राहकाने विचारले नाही. लोकांची ती भीती माझ्या स्नेह्यांसारख्या शेकडो माणसांनी फोनवर तासन् तास बोलून आधीच घालवली होती, आणि तिची किंमत मी मोजलेली नाही. आपण वापरतो ती साधनेसुद्धा अशाच कुणाच्या तरी त्रासातून जन्माला आली आहेत. शॉपिफाय सुरू करणाऱ्यांना २००४ मध्ये मुळात बर्फावर घसरण्याच्या फळ्या ऑनलाइन विकायच्या होत्या. दुकान उभारण्याचे धड साधन मिळेना म्हणून त्यांनी ते स्वतः लिहिले आणि २००६ मध्ये इतरांसाठी खुले केले. सर्व्हरचेही, म्हणजे वेबसाइट चालवणाऱ्या संगणकांचेही, तसेच आहे. अ‍ॅमेझॉनने २००६ मध्ये साठवण आणि संगणनशक्ती भाड्याने द्यायला सुरुवात केली, त्यापूर्वी गर्दीच्या एका दिवसासाठी वर्षभराचे सर्व्हर घेऊन ठेवावे लागत. उशिरा येणारा या तयार रस्त्यावरून चालतो, आणि हा रस्ता कोणी बांधला याची आठवण त्याने ठेवली पाहिजे. मी माझी वही त्या स्नेह्यांना दाखवायला घेऊन गेले होते. त्यांनी चष्मा लावून पहिली दहा-बारा पाने वाचली आणि म्हणाले, "यातल्या निम्म्या तक्रारी माझ्या ग्राहकांनी मला फोनवर सांगितल्या होत्या. मी त्या लिहून ठेवल्या नाहीत." ते दुःखाने बोलले नव्हते, पण मला ते वाक्य विसरता येत नाही. घरी निघताना त्यांनी पुरवठादारांच्या पत्त्यांची आपली जुनी डायरी माझ्या हातात ठेवली.

उशिराचे तोटे आहेत, हे मान्य करते. जिथे माणसे एकमेकांसाठीच येतात, म्हणजे निरोप पाठवण्याची किंवा ओळखी जुळवण्याची सेवा असते, तिथे एकदा सगळे एका ठिकाणी रुळले की त्यांना हलवणे फार अवघड असते. चांगली, छोटी, लक्षात राहणारी वेबसाइटची नावे आधीच घेतलेली असतात, आणि एकाच शब्दावर जाहिरात देणारे वाढले की त्या शब्दाचा भाव चढतो, हेही खरे. पण माझ्या मैत्रिणीला काही जगाला एका जागी गोळा करायचे नाही. ज्या आईला रोज सकाळी मुलाचा ताठलेला हात बाहीत घालताना रडू येते, तिच्यापर्यंत एक सदरा पोहोचवायचा आहे. त्या आईला दुकान केव्हा सुरू झाले याच्याशी काहीही देणेघेणे नाही. बाही उघडते की नाही, एवढेच ती पाहणार.

आणि म्हणूनच मला पुन्हा राग येतो. "उशीर झाला" असे म्हणणाऱ्याला काहीही करावे लागत नाही. त्याला वही घ्यावी लागत नाही, चार महिने रात्री जागावे लागत नाही, काही चुकले तर परत आलेला माल उघडून पाहावा लागत नाही. बाजारात विक्रेते खूप आहेत यावरून तो ठरवतो की नव्याची गरज नाही. तेच दृश्य पाहून मी असे ठरवते की माल घेणारी माणसे आहेत, ती पैसे देतात आणि त्यांतली काही नाराज आहेत. जिथे एकही विक्रेता नाही तिथे गिऱ्हाईक आहे की नाही हे शोधण्यातच पहिल्याचे पैसे संपतात. आपल्यापैकी बहुतेक जण पगारातून वाचवलेल्या पैशांवर काहीतरी सुरू करू पाहणारे आहेत, आणि असा शोध घेण्याची ऐपत आपल्याला नसते. आपल्याला उशिरा येणेच परवडते.

शिवाय वयाने उशिरा येण्याचेही मोल आहे. ४७ व्या वर्षी मला बॉबिन केसमधला फरक कळला, कारण त्याआधी वीस वर्षे मी शिलाई मशीनवर बसले होते. विशीत मी तो अभिप्राय वाचला असता तर ग्राहकालाच बसवता येत नसेल असे मलाही वाटले असते. माझ्या मैत्रिणीने दहा वर्षांपूर्वी हे करायला हवे होते असे म्हणणाऱ्याला हे माहीत नाही का, की दहा वर्षांपूर्वी तिने अशा एकाही मुलाला कपडे घातले नव्हते? ते साचे तेव्हा तिच्या हातात नव्हते. ते गेल्या दोन वर्षांत, मुलांना घालून, उसवून, पुन्हा शिवून तयार झाले आहेत.

दुपारी फोनवर मी तिच्यावर थोडी चिडलेच, त्याचे मला आता वाईट वाटते. चूक तिची नव्हती. राग शमल्यावर संध्याकाळी मी पुन्हा फोन केला, वहीची सगळी गोष्ट सांगितली आणि एवढेच म्हटले, की आज रात्री दुसऱ्यांच्या साच्यांवरच्या एक ताऱ्याच्या तक्रारी वाच, बाकी काही ठरवू नकोस. ती हो-नाही काहीच बोलली नाही.

हे लिहीत असतानाच तिचा संदेश आला. तिने अकरा तक्रारी उतरवून काढल्या आहेत, आणि त्यांतल्या सात एकच गोष्ट सांगतात: घरी प्रिंट काढताना कागदात बसवण्यासाठी प्रिंटर चित्र आपोआप लहान करतो, माप चुकते, आणि हे कापड कापून झाल्यावर लक्षात येते. पहिल्याच पानावर ५ सेंटिमीटरचा एक चौकोन छापला, आणि आधी तेवढे एकच पान काढून तो चौकोन पट्टीने मोजा असे लिहिले, तर चालेल का, असे तिने विचारले आहे. मी तिला कळवले की चालेल, आणि त्या चौकोनावर पट्टी ठेवलेले एक छायाचित्रही शेजारी दे.